ब्रेग्झिट आणि स्कॉटलंड: कारण मिळाले, वाट अवघड झाली

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात लंडन आणि ब्रसेल्स यांच्यातील वाटाघाटींनाच बहुतेक जागा मिळाली. मी त्या काळात बातम्या शोधून वाचत होतो त्या मुख्यतः स्कॉटलंडची राजधानी एडिंबराच्या. ‘आमचे निर्णय आम्हीच घेणार’ असे म्हणत एका संघातून बाहेर पडणारे सरकार, आपल्याच राज्यातील एका प्रदेशाने तीच मागणी केली की ती कोणत्या आधारावर नाकारते आणि त्या नकारापुढे तो प्रदेश नेमके काय करू शकतो, हे मला समजून घ्यायचे होते. माझे मत आता असे झाले आहे की ब्रेग्झिटने स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवाद्यांना आजवरचे सर्वांत सबळ कारण मिळवून दिले आणि त्याच वेळी स्वातंत्र्याकडे जाणारी त्यातल्या त्यात सोपी वाट बंद करून टाकली. आणि या दोन्ही गोष्टी कोणी विचारपूर्वक घडवून आणल्या नाहीत, तर राजकीय पक्षांनी आपापल्या घरातील भांडणे मिटवण्यासाठी घेतलेल्या निर्णयांतून त्या घडत गेल्या.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. लंडनच्या संमतीने, आधी करार करून झालेले ते सार्वमत होते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना त्यात मत होते, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या युरोपीय संघाच्या नागरिकांनाही होते, आणि ८४.६ टक्के मतदारांनी मतदान केले. स्वातंत्र्याच्या विरोधात ५५ टक्के मते पडली, बाजूने ४५. त्या प्रचारातील एक मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या, म्हणजे एसएनपीच्या सरकारने आधीच्या वर्षी स्वातंत्र्याचा जो आराखडा प्रसिद्ध केला होता, त्यात स्वतंत्र स्कॉटलंड आणि उरलेला ब्रिटन हे दोघेही युरोपीय संघातच असतील, असे गृहीत धरलेले होते. दोघेही एकाच बाजारपेठेत असतील तर इंग्लंडच्या सीमेवर जकातनाके उभे राहण्याचा प्रश्नच येत नव्हता. उलट स्वातंत्र्यविरोधी आघाडी मतदारांना सांगत होती की ब्रिटनमधून बाहेर पडलात तर युरोपातूनही बाहेर फेकले जाल आणि पुन्हा प्रवेश मिळवताना नाकी नऊ येतील. युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष बारोसो यांनीही हा प्रवेश अत्यंत कठीण असल्याचे सांगून त्यांच्या म्हणण्याला बळ दिले होते. युरोपात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा, हे ऐकून ज्यांनी नकाराचे मत दिले, त्यांची पुढे दोन वर्षांच्या आतच फसगत झाली.

ती कशी झाली हे पाहण्यासाठी हुजूर, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, पक्षाच्या घरात डोकवावे लागते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी युरोपविषयक सार्वमताचे आश्वासन जानेवारी २०१३ मध्ये दिले होते. त्यांच्या पक्षातील युरोपविरोधी खासदार दर काही महिन्यांनी बंड करत होते आणि बाहेरून, ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणणारा युकिप हा पक्ष त्यांची मते ओढत होता. ही कटकट एकदाची मिटवावी, एवढाच त्या आश्वासनामागचा मुख्य हेतू होता असे मला वाटते. स्कॉटलंडचा विचार त्यात दुय्यमसुद्धा नव्हता. २०१४ च्या निकालानंतरच्या सकाळीच, स्कॉटलंडला दिलेल्या वाढीव अधिकारांच्या वचनाची शाई वाळण्यापूर्वीच, कॅमेरून यांनी इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांनी मत द्यावे, असा विषय काढला. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड हे एसएनपीचे माजी नेते अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या खिशात बसलेले दाखवणारी जाहिरात इंग्लंडभर लावली. निकालात हुजूर पक्षाला बहुमत मिळाले आणि स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा एसएनपीला मिळाल्या, तर तेथे पिढ्यान् पिढ्या राज्य केलेल्या मजूर पक्षाकडे एकच जागा उरली. इंग्लंडमध्ये मते मागताना हुजूर पक्षाला एसएनपीची भीती उपयोगी पडत होती, आणि स्कॉटलंडमध्ये मते मागताना एसएनपीला लंडनमधील हुजूर सरकार उपयोगी पडत होते. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले हे दोन पक्ष एकमेकांच्या वाढीला इतका हातभार लावत होते, की मधल्या मजूर पक्षाला उभे राहायला जागाच राहिली नाही.

युरोपविषयक सार्वमताचा कायदा संसदेत आला तेव्हा एसएनपीने एक दुरुस्ती सुचवली होती: ब्रिटनचे चारही घटक बाहेर पडण्याच्या बाजूने कौल देतील तरच ब्रिटनने बाहेर पडावे. ती फेटाळली गेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आणि युरोपातून आलेल्या बहुतेक रहिवाशांनाही यावेळी मत नव्हते. २३ जून २०१६ रोजी संपूर्ण ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, आणि स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने. स्कॉटलंडच्या सर्व ३२ स्थानिक विभागांनी राहण्याचाच कौल दिला. आदल्या महिन्यातील स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिले होते की स्कॉटलंडला त्याच्या इच्छेविरुद्ध युरोपातून बाहेर काढले गेले, तर स्वातंत्र्याच्या सार्वमताचा हक्क पुन्हा निर्माण होईल. फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन यांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्या वाक्याची आठवण करून दिली.

कागदावर प्रकरण सोपे दिसत होते, परंतु आकड्यांच्या आत शिरले की ते तितके सोपे राहत नाही. ईशान्येकडील मोरे विभागात राहण्याच्या बाजूचे मताधिक्य अवघे १२२ मतांचे होते. पीटरहेड आणि फ्रेझरबर्ग ही मोठी मासेमारी बंदरे असलेल्या किनारपट्टीवर बाहेर पडण्याची भावना तीव्र होती, आणि तो किनारा अनेक वर्षे एसएनपीचा बालेकिल्ला होता. सॅमंड स्वतः तिथून लोकसभेवर, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या हाऊस ऑफ कॉमन्सवर, निवडून जात असत. एसएनपीच्या एकूण मतदारांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांनी युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. ज्यांना लंडनचे राज्य नको, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ब्रसेल्सचेही नको होते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात कसलीच विसंगती नव्हती.

खुद्द एसएनपीचा इतिहासही हेच सांगतो. १९७५ साली युरोपीय समुदायात, म्हणजे युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, राहावे की नाही यावर ब्रिटनमध्ये पहिले सार्वमत झाले, तेव्हा या पक्षाने बाहेर पडण्याचा प्रचार केला होता. त्या वेळी स्कॉटलंडने राहण्याचा कौल दिला, पण शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या दोन द्वीपसमूहांनी तो नाकारला. पक्षाने दिशा बदलली ती १९८८ च्या इन्व्हर्नेस अधिवेशनात, जिम सिलर्स या पक्षनेत्याच्या आग्रहामुळे. इंग्लंडपासून वेगळे झालो तरी एकटे पडणार नाही, मोठ्या बाजारपेठेत आपली खुर्ची असेल, हा दिलासा त्या धोरणाने मतदारांना दिला, आणि मला वाटते, एका चळवळ्या पक्षाला सत्ताधारी पक्ष बनवण्यात या दिलाशाचा वाटा मोठा होता. ब्रेग्झिटचा घाव पडला तो नेमका त्याच आधारावर.

आता या साऱ्या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. स्कॉटलंडची संसद १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून एक संकेत पाळला जात होता: तिच्या अधिकारातील विषयावर वेस्टमिन्स्टर सामान्यतः तिच्या संमतीवाचून कायदा करणार नाही. लॉर्ड सेवेल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा संकेत २०१४ च्या वचनांचा भाग म्हणून २०१६ च्या स्कॉटलंड कायद्यात लेखी स्वरूपात आला, आणि तो आल्याचा गाजावाजाही झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, संघ सोडण्याची सूचना देण्याविषयीच्या कलम ५० च्या खटल्यात, एकमताने सांगितले की कायद्यात लिहिला गेला असला तरी हा राजकीय संकेतच आहे आणि त्याचे पालन करवून घेणे हे न्यायालयाचे काम नाही. म्हणजे जे दिले गेले ते दिलेच नव्हते, अशी स्थिती झाली. मे २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने युरोपमधून माघारीच्या विधेयकाला ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली. त्यात एसएनपीबरोबर मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्षही होते, फक्त हुजूर पक्ष वेगळा पडला. कायदा तरीही झाला. ब्रसेल्सकडून परत येणारे शेती, मासेमारी, पर्यावरण यांसारख्या विषयांतील अधिकार थेट एडिंबराकडे जावेत की काही काळ लंडनने धरून ठेवावेत, हा त्यातला वाद होता, आणि त्यावरील अंतिम चर्चेला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये वीस मिनिटेही मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी एसएनपीचे गटनेते इयन ब्लॅकफर्ड यांना सभापतींनी बाहेर काढले आणि त्यांच्यामागून त्यांच्या पक्षाचे सर्व खासदार सभागृहातून उठून गेले.

त्याहून जास्त मला खटकते ते पुढचे. स्कॉटिश संसदेने या विषयावर स्वतःचे पर्यायी विधेयक मंजूर केले होते. लंडन सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि खटला प्रलंबित असताना वेस्टमिन्स्टरने आपला कायदा पूर्ण करून तो स्कॉटिश संसदेला बदलता न येणाऱ्या कायद्यांच्या यादीत घातला. डिसेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा, मंजूर झाले त्या दिवशी बव्हंशी वैध असलेले ते विधेयक बऱ्याच अंशी निकामी झालेले होते. खेळ चालू असताना नियम बदलण्याची मुभा एकाच बाजूला असेल तर त्याला भागीदारी म्हणता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये माघारीच्या कराराच्या कायद्याला स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली, आणि तोही कायदा झालाच. वेल्सने तर बाहेर पडण्याचा कौल दिला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अंतर्गत बाजारपेठेचा कायदा आला: ब्रिटनच्या एका भागात विकता येणारा माल इतर भागांतही विकता यावा, असे तो सांगतो. त्याचा परिणाम २०२३ मध्ये एका अगदी साध्या वस्तूवर दिसला. पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे परत केल्यास २० पेन्स अनामत परत मिळावी, अशी योजना स्कॉटिश सरकारने आखली होती. लंडनने काचेच्या बाटल्या वगळण्याच्या अटीवरच तिला सूट देऊ केली आणि योजना लांबणीवर पडली. योजनेच्या आखणीत एडिंबराच्या स्वतःच्या चुकाही होत्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु रिकाम्या काचेच्या बाटलीचे काय करायचे हेही आपल्या संसदेला ठरवता येत नाही, हे कळल्यावर त्या समाजाला काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

तरीही स्टर्जन यांना या संतापाचे मतांत रूपांतर सहज करता आले नाही. मार्च २०१७ मध्ये त्यांनी दुसऱ्या सार्वमताची मागणी केली, स्कॉटिश संसदेने तिला ६९ विरुद्ध ५९ मतांनी पाठिंबा दिला, आणि पंतप्रधान थेरेसा मे यांनी ही त्याची वेळ नाही असे सांगून विषय संपवला. तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत एसएनपीने २१ जागा गमावल्या. सॅमंड पडले, संसदेतील गटनेते अँगस रॉबर्टसन मोरेमध्ये पडले. दुसरे सार्वमत नको, एवढ्या एका मुद्द्यावर लढून रुथ डेव्हिडसन यांच्या नेतृत्वाखालील स्कॉटिश हुजूर पक्षाने एकाच्या तेरा जागा केल्या. या तेरा जागांकडे मी वारंवार वळतो. मे यांचे बहुमत त्या निवडणुकीत गेले होते. ३१७ जागांवर अडकलेल्या त्यांच्या पक्षाने उत्तर आयर्लंडमधील डीयूपी या पक्षाचे दहा खासदार सोबत घेऊन आणि त्या प्रदेशासाठी १ अब्ज पौंडांचा जादा निधी मान्य करून सरकार टिकवले. स्कॉटलंडमध्ये मिळालेल्या बारा नव्या जागा नसत्या तर डीयूपीचा आधार घेऊनही त्यांना बहुमत गाठता आले नसते. युरोपात राहू इच्छिणाऱ्या स्कॉटलंडनेच, दुसऱ्या सार्वमताच्या कंटाळ्यापोटी, ब्रेग्झिट पुढे नेणारे सरकार वाचवले.

रुथ डेव्हिडसन यांची राजकीय कारकीर्द या पेचाचे फार स्पष्ट उदाहरण आहे. त्या ब्रेग्झिटच्या विरोधात होत्या आणि ब्रिटनच्या एकतेच्या कडव्या पुरस्कर्त्या होत्या. बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाल्यावर पाचएक आठवड्यांत त्यांनी नेतेपद सोडले. जून २०१९ मध्ये यूगव्ह या संस्थेने हुजूर पक्षाच्या सदस्यांची पाहणी केली, तेव्हा स्कॉटलंड ब्रिटनमधून गेला तरी चालेल पण ब्रेग्झिट व्हावे, असे ६३ टक्के सदस्यांनी सांगितले. ज्या पक्षाच्या नावातच स्कॉटलंडमध्ये एकतेचा उल्लेख आहे, त्याच्या सामान्य सभासदाने एकतेला किती किंमत दिली हे त्या एका आकड्यातून दिसते. मजूर पक्षाची अवस्था याहून केविलवाणी होती: पक्षाचे लंडनमधील वरिष्ठ नेते जॉन मॅकडोनेल ऑगस्ट २०१९ मध्ये एडिंबरामध्ये जाहीरपणे सांगत होते की दुसरे सार्वमत आम्ही अडवणार नाही, आणि पक्षाचे स्कॉटलंडमधील नेतृत्व त्याच्या नेमके उलट सांगत होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात एसएनपीने पुन्हा ४८ जागा जिंकल्या.

प्रत्यक्ष विच्छेद झाला तो १ जानेवारी २०२१ रोजी, संक्रमणकाळ संपल्यावर, आणि त्याचा पहिला फटका बसला मासळीच्या धंद्याला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लँगोस्टीन नावाची मोठी कोळंबी, खेकडे आणि शिंपले पकडले जातात आणि त्यांचे खरे गिऱ्हाईक फ्रान्स आणि स्पेनमध्ये आहे. आधी संध्याकाळी ट्रक भरला की दुसऱ्या दिवशी माल फ्रान्समधील बूलोनच्या बाजारात पोहोचत असे. आता प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र, मासे कुठे व कोणत्या होडीने पकडले याचा दाखला आणि सीमाशुल्काची कागदपत्रे लागू लागली. लहान व्यापारी आपापली थोडी खोकी एकाच ट्रकमध्ये घालतात. त्यातील एकाच्या कागदात चूक निघाली तरी सगळा ट्रक अडू लागला. लॅनर्कशरमधील लार्कहॉल येथील केंद्रात तपासणीसाठी माल तुंबला आणि जिवंत कोळंबीची किंमत तासागणिक उतरत गेली. पीटरहेडच्या लिलावात भाव पडल्यामुळे काही होड्या आपली मासळी थेट डेन्मार्कमध्ये उतरवू लागल्या. १८ जानेवारीला मासळी व्यापाऱ्यांचे ट्रक लंडनमध्ये संसदेजवळ येऊन उभे राहिले, आणि सरकारला २३ दशलक्ष पौंडांची भरपाई जाहीर करावी लागली. आपला समुद्र परत मिळवण्याची भाषा अनेक वर्षे बोलली गेली होती; पकडलेली मासळी विकायची कुठे, याविषयी मात्र त्या भाषेत काहीच नव्हते.

याच अनुभवातून स्वातंत्र्यवाद्यांपुढे त्यांचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या मालापैकी आणि सेवांपैकी सुमारे ६० टक्के उरलेल्या ब्रिटनकडे गेल्या, आणि युरोपीय संघाकडे सुमारे १९ टक्के. स्वतंत्र होऊन स्कॉटलंड युरोपीय संघात परतला तर लार्कहॉलमध्ये दिसलेली कागदपत्रे इंग्लंडच्या सीमेवरही लागतील; पश्चिमेला ग्रेटना आणि पूर्वेला बेरिक यांच्या दरम्यानची ती सुमारे १५४ किलोमीटरची सीमा युरोपीय बाजारपेठेची बाह्य सीमा होईल. २०१४ मध्ये ही अडचण नव्हती. शेजाऱ्याशी चाळीस-पन्नास वर्षांत विणलेले व्यापाराचे धागे तोडले तर नुकसान होते, असे ब्रेग्झिटविरुद्ध बोलणाऱ्या एसएनपीला तीनशे वर्षांच्या धाग्यांविषयीही उत्तर द्यावे लागते. आणि सार्वभौमत्वापुढे व्यापाराचे नुकसान क्षुल्लक आहे असे म्हणणाऱ्या हुजूर पक्षाला स्कॉटलंडला व्यापाराची भीती घालण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. दोन्ही पक्षांनी एकमेकांचे युक्तिवाद उचलले आहेत, आणि ते उचलल्याचे दोघेही मान्य करत नाहीत. प्रामाणिकपणे बोलायचे तर स्वातंत्र्याची किंमत वाढली आहे आणि तरीही ती मोजावी असे वाटण्याची कारणेही वाढली आहेत, एवढे मतदारांना सांगता आले पाहिजे.

२०२० च्या उत्तरार्धात बहुतेक पाहण्यांत स्वातंत्र्याच्या बाजूचे मत पन्नास टक्क्यांच्या वर गेले होते. २०२१ मध्ये एसएनपी आणि ग्रीन पक्ष मिळून स्कॉटिश संसदेत १२९ पैकी ७२ जागांवर निवडून आले, दोघांच्याही जाहीरनाम्यात सार्वमत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की असे सार्वमत घेण्याचा कायदा करण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही. त्यानंतर स्टर्जन यांचा राजीनामा, पक्षाच्या निधीची पोलीस चौकशी, त्यांच्या जागी आलेल्या हमझा युसुफ यांची जेमतेम वर्षभराची कारकीर्द असे सगळे भराभर घडले, आणि जुलै २०२४ मध्ये एसएनपी ५७ पैकी ९ जागांवर आली. सतरा वर्षांच्या सत्तेचा थकवा त्यात होता. मात्र स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा त्या प्रमाणात घटला नाही. पाहण्यांत तो पन्नासच्या आसपासच राहिला. पक्ष पडला म्हणून मागणी पडत नाही, हे लंडनमधील अनेकांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

याच राज्यात उत्तर आयर्लंडसाठी वेगळा नियम आहे. १९९८ च्या कायद्यानुसार, बहुमत ब्रिटन सोडण्याच्या बाजूने असण्याची शक्यता लंडन सरकारच्या संबंधित मंत्र्याला दिसली तर सार्वमत घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर असावे हेही तेथे लिहिलेले आहे. आयर्लंडशी एकीकरण झाल्यास तो प्रदेश आपोआप युरोपीय संघाचा भाग होईल, हे युरोपीय नेत्यांनी एप्रिल २०१७ मध्येच जाहीर केले आहे. त्या नियमात संदिग्धता पुष्कळ आहे, आणि तो तीस वर्षांच्या रक्तपातानंतर लिहिला गेला. स्कॉटलंडच्या मुख्य चळवळीने मतपेटीशिवाय दुसरा मार्ग कधी धरला नाही, आणि तिच्यासाठी मात्र कोणत्याही कायद्यात असा एक परिच्छेदही नाही: किती मते, किती निवडणुका, किती वर्षे झाली म्हणजे पुन्हा विचारायचे, हे कुठेच लिहिलेले नाही. ते लिहून ठेवण्याची मागणी एसएनपीने करावी, आणि ब्रिटनच्या एकतेवर खरे प्रेम असणाऱ्या मजूर व हुजूर पक्षांतील लोकांनी तिला पाठिंबा द्यावा, असे मला मनापासून वाटते.